'थिंग' : सभा आणि वस्तू

नाव आठवेनासे झाले की इंग्रज माणूस कोणत्याही वस्तूला 'थिंग' म्हणून मोकळा होतो. पण या शब्दाचे कूळ मोठे प्रतिष्ठित आहे. जुन्या नॉर्स भाषेत 'थिंग' म्हणजे स्वतंत्र माणसांची न्यायसभा. आइसलंडमध्ये थिंगवेल्लिर या 'सभेच्या मैदाना'वर इ. स. 930 पासून 'आल्थिंग' भरू लागली. तेथे राजा नव्हता, आणि आरंभी कायदेही लिहिलेले नव्हते. विधिवक्ता शिळेवर उभा राहून दरवर्षी त्यांचा तिसरा हिस्सा मुखोद्गत म्हणून दाखवी. कायदा जगला तो त्याच्या स्मरणावर! 1800 साली बंद पडलेली ही सभा 1845 मध्ये रेक्याविक येथे पुन्हा भरली. नॉर्वेच्या 'स्टोर्टिंग'मध्ये आणि डेन्मार्कच्या 'फोल्केटिंग'मध्ये तोच शब्द नांदतो आहे.

इंग्रजीत मात्र सभेवरून सभेपुढील खटला, खटल्यावरून बाब आणि बाबीवरून वाटेल ती वस्तू, अशा पायऱ्या तो उतरला. जर्मन 'डिंग'चीही तीच गत. लॅटिन 'काउसा' म्हणजे दावा. तिचीच फ्रेंच 'शोज', म्हणजे वस्तू, झाली.

आणि आपली 'गोष्ट'? संस्कृत 'गोष्ठी' म्हणजे जमलेली मंडळी व त्यांचे संभाषण. मराठीत तीच कथा झाली आणि बाबही झाली. तिच्या मुळाशी आहे 'गोष्ठ', म्हणजे गाईंचा गोठा.