तणावपूर्ण अनुभव आणि किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य

१० ते १९ हे वय किशोरवय मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात या वयातील दर सात जणांपैकी एकाला मानसिक विकार असतो. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने भारतात २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या ७.३ टक्के मुलांमध्ये असे विकार आढळले. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होते.

अनुभवांचा साठा

पालकाचा मृत्यू, घरातील मारहाण, व्यसन, लैंगिक अत्याचार, शाळेतील छळ, परीक्षेतील अपयश, स्थलांतर हे अनुभव मुलांवर खोल परिणाम करतात. एखाद्या आघातातून बरीच मुले सावरतात. मात्र आघात साचत गेल्यास धोका वाढतो. बालपणातील प्रतिकूल अनुभवांविषयी अमेरिकेत झालेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. चार किंवा अधिक प्रकारचे असे अनुभव आलेल्यांमध्ये व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, ४ ते १२ पट असल्याचे त्यात दिसले.

हे का घडते?

तणावाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. तणाव दीर्घकाळ टिकल्यास झोप, स्मरणशक्ती आणि एकाग्रता बिघडते. विचार व संयम यांचे नियमन करणारा मेंदूचा पुढील भाग पंचविशीपर्यंत विकसित होत असतो. त्यामुळे या वयात भावना आवरणे अधिक कठीण जाते.

लक्षणे

किशोरवयीनांचे नैराश्य नेहमी रडण्यातून प्रकट होत नाही. चिडचिड, अबोला, अभ्यासातील घसरण, मित्रांपासून दुरावा, वारंवार डोके किंवा पोट दुखणे ही लक्षणे असू शकतात. ‘वयाचा दोष’ म्हणून त्यांकडे दुर्लक्ष केल्यास उपचारांना विलंब होतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती टिकल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मरणाविषयीचे बोलणे मात्र तत्काळ गांभीर्याने घ्यावे.

आधार आणि उपचार

विश्वासाने बोलता येईल अशी एक तरी प्रौढ व्यक्ती जवळ असणे हे मुलांचे मोठे संरक्षण ठरते. उपदेश किंवा तुलना न करता त्यांचे म्हणणे ऐकून घेणे ही पहिली पायरी होय. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्याचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते. अत्याचाराच्या प्रसंगी १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर संपर्क साधावा.