वेगळं ठेवायचं ते कोणाला?

'वेगळं' हा एकच शब्द आपण किती तऱ्हेनं वापरतो बघा. भाऊ वेगळे झाले, म्हणजे चुली दोन झाल्या. पंचांनी एखादं घर वेगळं काढलं, म्हणजे वाळीत टाकलं. आणि २०२० मध्ये परगावाहून परतलेल्यांना शाळेत वेगळं ठेवलं, ते विलगीकरण. त्याला १४ दिवसांची मुदत होती. क्वारंटाइन हा शब्दच चाळीस या आकड्यावरून आलाय. व्हेनिसच्या बंदरात जहाजं चाळीस दिवस थांबवून ठेवत. दिवस भरले की माणूस मोकळा.

शास्त्रज्ञांचं वेगळं काढणं आणखी निराळं. ते रोगाचा जंतू वेगळा काढतात, काचेच्या बशीत वाढवतात आणि तो कशानं मरतो ते बघतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू असाच वेगळा काढला. कुष्ठरोगाचा जंतू तर त्याआधीच, १८७३ मध्ये, नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांना दिसला होता. पण तो बशीत काही वाढेना. आजवर कोणालाही तो तसा वाढवता आलेला नाही. जंतू हाती लागला नाही, म्हणून गावानं माणसालाच वेगळं काढलं. त्याला मुदतही नव्हती.

इंग्रजांनी १८९८ मध्ये त्याचा कायदाच केला. तो जिथं लागू झाला, तिथं निराधार कुष्ठरुग्णाला पोलीस वॉरंटशिवाय धरू शकत. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायलाही त्याला बंदी घालता येई. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं!

आपल्या विदर्भात काहींनी मात्र या माणसांना जवळ केलं. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. १९५१ मध्ये बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या माळरानावर गेले, तेव्हा सोबत ६ रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये होते, असं सांगतात. बाबांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मला नवल वाटतं ते साधनाताईंचं. विकास आणि प्रकाश ही लहान पोरं घेऊन त्या तिथं राहिल्या. पण आनंदवनही वसलं ते गावाबाहेरच.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एकत्र औषधांचा उपचार सांगितला आणि रोग पुरता बरा होऊ लागला. तरी कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागता येत होता, तो थेट २०१९ पर्यंत. कायद्यात नवरा-बायको दोघांनाही ती मुभा होती. घराबाहेर कोण पडायची, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून बाया अजूनही चट्टा पदराखाली झाकतात. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे हा रोग अजून आहे. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही. रोवण्याच्या चिखलात पायाला काटा रुतला आणि समजलंच नाही, तर तेही आशाताईंना सांगा. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या. त्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत लागण पसरायची थांबते. त्या काळात चूल, ताट, अंथरूण काहीच वेगळं करावं लागत नाही.