युग्मित की स्वतंत्र? नमुनाभेदाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पदवी स्तरावरील संख्याशास्त्रात दोन सरासरींची तुलना हा प्रारंभीचाच घटक आहे. सूत्रे विद्यार्थ्यांना पाठ असतात. परंतु दोन स्तंभांतील निरीक्षणांची संख्या समान दिसली, की नमुने युग्मित आहेत असे अनेक जण गृहीत धरतात. हा भेद आकड्यांत नसून आकडे मिळविण्याच्या पद्धतीत असतो, हे प्रस्तुत लेखात तीन ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे मांडले आहे.

१. निद्रेची निरीक्षणे

डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीशाळेत काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ‘बायोमेट्रिका’ नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. त्यातील एका उदाहरणात १० रुग्णांना दोन औषधांमुळे मिळालेली जादा झोप तासांत नोंदविली होती. सरासरी वाढ अनुक्रमे ०.७५ व २.३३ तास होती. प्रत्येक रुग्णावर दोन्ही औषधांचा प्रयोग झाला असल्याने गॉसेट यांनी दहा फरकांचाच विचार केला. आजच्या पद्धतीने या फरकांवरून टी-चे मूल्य ४.०६ येते. तेच आकडे स्वतंत्र मानल्यास ते केवळ १.८६ येते व ५ टक्के पातळीवर सार्थ ठरत नाही. रुग्णारुग्णांतील नैसर्गिक तफावत फरक घेताच बाजूला पडते, हे याचे कारण होय.

२. लॅनर्कशायरचा दुग्धप्रयोग

१९३० मध्ये स्कॉटलंडमधील लॅनर्कशायर येथे सुमारे २०,००० शाळकरी मुलांवर प्रयोग झाला. १०,००० मुलांना चार महिने रोज दूध दिले गेले, तर १०,००० मुलांना दिले गेले नाही. दोन्ही गटांची संख्या समान असली, तरी एका गटातील अमुक मुलाची दुसऱ्या गटातील अमुक मुलाशी जोडी नव्हती. एकाच मुलाचे आरंभीचे व अखेरचे वजन ही निरीक्षणे युग्मित होती. गटागटांतील तुलना मात्र स्वतंत्र नमुन्यांची होती. शिवाय गट संतुलित करण्यासाठी मुले बदलण्याची मुभा शिक्षकांना होती. परिणामी दूध न मिळालेली मुले आरंभीच सरासरीने अधिक उंच व वजनदार होती. १९३१ मध्ये गॉसेट यांनी या रचनेवर टीका केली आणि एकरूप जुळ्यांच्या ५० जोड्या घेऊन, प्रत्येक जोडीतील कोणास दूध द्यावयाचे हे नाणेफेकीने ठरवावे, असे सुचविले.

३. डार्विनचा मका

चार्ल्स डार्विन यांनी १८७६ च्या ग्रंथात परपरागित व स्वपरागित मक्याच्या १५ जोड्यांची उंची नोंदविली. जोडीतील रोपे एकाच कुंडीत समोरासमोर वाढविलेली होती. फ्रान्सिस गॉल्टन यांनी आकडे तपासताना दोन्ही गट उंचीच्या उतरत्या क्रमाने लावले. त्यामुळे मूळ जोड्या मोडल्या. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये या हाताळणीतील दोष दाखवून मूळ जोड्यांचे विश्लेषण केले. सरासरी फरक सुमारे २.६२ इंच व टी-चे मूल्य २.१४८ आले, ते ५ टक्के पातळीवर जेमतेम सार्थ ठरते. नमुने स्वतंत्र मानल्यास मूल्य सुमारे २.४४ येते.

येथे जोड्या राखल्याने मूल्य वाढण्याऐवजी घटले. तरीही युग्मित विश्लेषणच योग्य, कारण प्रयोगाची रचना तशी होती. दोन्ही चाचण्या करून अनुकूल उत्तर देणारी निवडणे म्हणजे निष्कर्ष आधी ठरवून पुरावा नंतर शोधणे होय.

निष्कर्ष

अध्यापनात सूत्राकडे वळण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी: दुसऱ्या स्तंभातील आकड्यांचा क्रम बदलला, तर काही माहिती नष्ट होते काय? होत असेल तर नमुने युग्मित, अन्यथा स्वतंत्र. गॉल्टन यांनी क्रम बदलला तेव्हा कोणते रोप कोणत्या रोपासमवेत वाढले, हीच माहिती हरवली. प्रश्नपत्रिकेतही केवळ आकडे न देता ते कसे मिळविले, याचे वर्णन देणे म्हणूनच आवश्यक ठरते.