पायाखालचा खटका

काही वर्षांपूर्वी आम्ही औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचे इंजिन पूर्ण उकलून पुन्हा जोडले. गाडी मुख्य स्टँडवर उभी करून गिअर टाकू लागलो, तर एकही गिअर पडेना. या इंजिनात क्रँक आणि गिअर एकाच कवचात बसतात. चूक आतली असेल तर दोन आठवड्यांचे काम पुन्हा करायचे होते.

गॅरेजचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, मागचं चाक फिरवून बघा की."

प्लग काढून चाक हलके फिरवत लिव्हर दाबली आणि गिअर पडला! असे का व्हावे? या गिअरपेटीत चाकांचे दाते नेहमी एकमेकांत गुंतलेलेच असतात. गिअर बदलताना एक चाक बाजूला सरकते आणि त्याच्या कडेच्या खुंट्या शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात. चाके स्थिर असली आणि खुंटीसमोर खाच नसली, तर खुंटी अडते. म्हणजे तो बिघाड नव्हताच.

खरा बिघाड पुढे दिसला. गिअर वर चढत, पण खाली उतरत नसत. आता शोध कोठून सुरू करायचा? येथे आम्हांला इतिहासाची मदत झाली.

आरंभीच्या अनेक मोटरसायकलींना पेट्रोलच्या टाकीशेजारी हाताचा गिअर-दांडा असे. तो कोणत्या खाचेत आहे ते डोळ्यांना दिसे, पण त्यासाठी एक हात हँडलवरून काढावा लागे. आपल्याकडच्या बजाज चेतकने हाताचीच पद्धत वेगळ्या रीतीने ठेवली होती. डावी मूठ फिरवायची आणि गिअरचा आकडा मुठीवरच वाचायचा.

पायाला मात्र आकडा दिसत नाही. शिवाय किती दाबले याचा नेमका अंदाज बुटातून येत नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील व्हेलोसेट कंपनीच्या हॅरॉल्ड विलिस यांनी यावर तोड काढली. प्रत्येक दाबानंतर लिव्हर स्प्रिंगने मध्यावर परत येते आणि एका दाबाला एकच पायरी सरकते. पायाने मोजायचे नाही, मोजणी खटक्याने करायची! ही कल्पना पुढे जगभर पसरली. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी बाजारात आलेल्या कावासाकी बजाज केबी १०० मध्येही पायाचाच गिअर होता.

आमच्या इंजिनात म्हणून तीन थर होते. खुंट्यांची चाके, त्यांना सरकवणारे फोर्क व खोबणींचा ड्रम आणि सर्वांत बाहेर विलिस यांच्या कल्पनेतला खटका. पहिले दोन थर कवचाच्या आत, तिसरा मात्र बाजूच्या झाकणाखाली. आम्ही फक्त झाकण काढले. खटका बाजूला करून ड्रम हाताने एकेक पायरी फिरवला, सोबत चाकही फिरवत राहिलो. सगळे गिअर दोन्ही दिशांनी पडले. म्हणजे आतले दोन्ही थर निर्दोष होते!

मग खटक्याकडे नीट पाहिले. ड्रम ढकलणारी त्याची दोन नखे ड्रमच्या पिनांपासून सारख्या अंतरावर हवीत. आमच्याकडे एक जवळ आणि दुसरे दूर होते. स्प्रिंगला मध्यावर धरणारा स्क्रू जोडताना आम्हीच तिरपा बसवला होता. तो जरा फिरवून अंतरे सारखी केली आणि गिअर खाली उतरू लागले. इंजिन उकलावे लागले नाही.

वर्गात हे दाखवायला मोटरसायकल हवीच असे नाही. खटक्याचे बॉलपेनही चालेल. एकदा दाबले की टोक बाहेर, पुन्हा दाबले की आत. बोट दोन्ही वेळा एकच काम करते, मग पेनला फरक कसा कळतो? पेन उघडण्यापूर्वी मुलांना तर्क लिहून काढायला सांगावा आणि कोणत्या तपासणीने तो खोटा ठरेल, हेही विचारावे.