अल्ब्युमिन छायाचित्रांच्या सुरकुत्या

अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद फ्रान्सच्या लुई देझिरे ब्लांकार-एव्हरार यांनी 1850 मध्ये पुढे आणला. मीठ मिसळलेल्या बलकावर हा पातळ कागद तरंगवून वाळवत. मग त्याला सिल्व्हर नायट्रेट लावून निगेटिव्हखाली उन्हात ठेवत. पुढे जर्मनीतील ड्रेस्डेन हे या कागदाच्या उत्पादनाचे मोठे केंद्र बनले.

या कागदाचा मूळ दोष त्याच्या घडणीतच होता. ओलाव्याने कागद आणि बलकाचा थर सारख्या प्रमाणात फुगत वा आकसत नाहीत. त्यामुळे धुऊन वाळवलेले छायाचित्र सुरळीसारखे गुंडाळले जाई. म्हणून ते ओलसर असतानाच मागे पिष्टाची खळ लावून जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. हवेचे बुडबुडे आणि चुण्या हलक्या दाबाने कडेकडे सारून काढत. वाळल्यावर पुठ्ठ्यासह छायाचित्र तापवलेल्या धातूच्या रुळाच्या यंत्रातून ओढत. त्याने ते सपाट होई आणि चकाकीही येई. 1854 मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी पेटंट घेतलेली छोटी ‘कार्त द व्हिझित’ छायाचित्रेही पुठ्ठ्यावरच चिकटवलेली असत.

1890 च्या दशकात जिलेटिनच्या कागदांनी अल्ब्युमिनला मागे सारले. जुनी छायाचित्रे सपाट करताना संरक्षणतज्ज्ञ ती सहसा पाण्यात बुडवत नाहीत, कारण त्याने बलकाच्या थराला बारीक तडे जातात. त्याऐवजी दमट हवेने कागद हळूहळू मऊ करतात आणि टीपकागदांमध्ये ठेवून वजनाखाली वाळवतात.