कोलकाता भुयारी रेल्वे : उत्तर-दक्षिण मार्ग

कोलकाता (पूर्वीचे कलकत्ता) शहराच्या उत्तर व दक्षिण भागांना जोडणारा शहरी जलद लोहमार्ग. हा भारतातील पहिला भुयारी रेल्वेमार्ग असून त्याचा पहिला टप्पा २४ ऑक्टोबर १९८४ रोजी वाहतुकीस खुला झाला. उत्तरेकडील दक्षिणेश्वरपासून दक्षिणेकडील कवी सुभाष (न्यू गरिया) स्थानकापर्यंत हा मार्ग सु. ३२ किमी. लांबीचा बांधण्यात आला असून त्यावर २६ स्थानके आहेत. ‘ब्ल्यू लाइन’ या नावानेही तो ओळखला जातो. दमदम ते टॉलीगंज हा १६·४५ किमी.चा मूळ मार्ग पूर्ण होण्यास पायाभरणीपासून जवळजवळ तेवीस वर्षे लागली. हा विलंब, त्याची कारणे व त्यातून मिळालेला अनुभव यांमुळे या मार्गाला भारतीय नागरी वाहतुकीच्या इतिहासात विशेष स्थान आहे.

पार्श्वभूमी : हुगळी नदीच्या पूर्व तीराला धरून कोलकाता शहर उत्तर-दक्षिण दिशेने वाढत गेले. पश्चिमेस नदी व पूर्वेस दलदलीचा प्रदेश असल्याने शहराची लांबी वाढली, रुंदी मात्र मर्यादित राहिली. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांमुळे लोकसंख्येत मोठी भर पडली. शहराच्या क्षेत्रफळापैकी रस्त्यांनी व्यापलेला भाग अवघा सु. ४ टक्के होता. त्यावरूनच ट्रामगाड्या, बसगाड्या, हातरिक्षा व पादचारी यांची ये-जा चालत असे. रस्ते रुंद करण्यास जागा नव्हती आणि नवे रस्ते काढणे म्हणजे दाट वस्ती उठविणे होय. त्यामुळे वाहतूक जमिनीखाली नेण्याचा पर्याय अपरिहार्य ठरत गेला.

पूर्वपीठिका : भुयारी रेल्वेची कल्पना ब्रिटिश अमदानीतच मांडण्यात आली होती. १९१९ मध्ये केंद्रीय विधिमंडळाच्या सिमला येथील अधिवेशनात हा विषय निघाला. त्यानंतर लंडनच्या भुयारी रेल्वेचा अनुभव असलेले अभियंते हार्ली डॅलरिम्पल-हे यांनी १९२१ मध्ये एका पूर्व-पश्चिम मार्गाचा आराखडा तयार केला. हुगळी नदीच्या पात्राखालून कलकत्ता व हावडा ही शहरे जोडण्याची त्यांची योजना होती. परंतु निधीअभावी ती कागदावरच राहिली. स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री बिधनचंद्र रॉय यांनी फ्रेंच तज्ञांकडून पाहणी करून घेतली. तिचीही फलनिष्पत्ती झाली नाही.

१९६९ मध्ये रेल्वे खात्याने कलकत्त्यासाठी महानगर परिवहन प्रकल्प ही स्वतंत्र यंत्रणा उभारली. तिने सोव्हिएट तज्ञांच्या साहाय्याने १९७१ मध्ये बृहत् आराखडा सादर केला. त्यात एकूण ९७·५ किमी. लांबीचे पाच मार्ग सुचविले होते. त्यांपैकी सर्वाधिक वर्दळीच्या दमदम-टॉलीगंज मार्गास प्राधान्य देण्यात आले. १ जून १९७२ रोजी त्यास मंजुरी मिळाली व २९ डिसेंबर १९७२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्चाचा मूळ अंदाज सु. १४० कोटी रुपये होता. प्रत्यक्षात तो दहापटींहून अधिक वाढला.

बांधकाम : शहराखालची जमीन नदीच्या गाळाची, मऊ चिकणमातीची असून भूजलाची पातळी पृष्ठभागाजवळच आहे. मार्गाच्या बहुतेक भागात खोदून झाकण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. तीनुसार प्रथम रस्त्याच्या दोन्ही कडांना खोल व अरुंद चर खणीत. चराच्या बाजू ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइट मातीचे पातळ मिश्रण भरीत व नंतर खालून वर काँक्रीट भरून सलोह काँक्रीटच्या भिंती तयार करीत. या दोन भिंतींमधील माती काढताना त्यांना पोलादी तुळयांचे आडवे आधार देत. तळ व छत घातल्यावर तयार झालेल्या पेटीसारख्या बोगद्यावर पुन्हा माती भरून रस्ता पूर्ववत करीत.

बेलगाछिया व श्यामबाजार यांच्या दरम्यान मात्र ही पद्धत लागू पडणारी नव्हती. कारण तेथे मार्ग रेल्वेचे आवार व सर्क्युलर कालवा यांखालून जातो. तेथे सु. १·०९ किमी. अंतरात ढाल पद्धतीने बोगदे खणण्यात आले. पाणी व चिखल आत घुसू नये म्हणून खोदकामाच्या जागी संपीडित हवेचा दाब ठेवण्यात आला होता. भारतातील अभियंत्यांना या कामाचा पूर्वानुभव नव्हता.

विलंबाची कारणे : तांत्रिक अडचणींपेक्षा इतर कारणांनीच काम अधिक रखडले. पहिली काही वर्षे निधी तुटपुंजा मिळाला. १९७७-७८ नंतर ही स्थिती थोडीफार सुधारली. रस्त्याखाली जुनी विटांची गटारे, पाण्याचे व गॅसचे नळ, वीज व दूरध्वनी यांच्या तारा यांचे जाळे होते. त्यांची नेमकी माहिती देणारे नकाशे अनेक ठिकाणी उपलब्ध नसल्याने खोदकाम सुरू झाल्यावरच ती सापडत व ती हलवेपर्यंत काम थांबे. न्यायालयीन मनाई हुकूम व सिमेंट-पोलादाचा अनियमित पुरवठा यांचीही त्यात भर पडली. जागेचे संपादन व बांधकामाचे अधिकार यांविषयी १९७८ मध्ये केंद्र शासनाने भुयारी रेल्वे बांधकाम अधिनियम संमत केला.

या काळात चौरंगी, चित्तरंजन ॲव्हेन्यू यांसारखे प्रमुख रस्ते वर्षानुवर्षे उकरलेल्या स्थितीत राहिले. वाहतूक फळ्यांच्या तात्पुरत्या रस्त्यांवरून वा गल्लीबोळांतून वळवावी लागली. पावसाळ्यात चरांत पाणी साचे व रस्त्यालगतच्या दुकानदारांना आणि रहिवाशांना त्याची मोठी झळ पोहोचली. या मार्गाची खरी किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही, ती यामुळेच.

वाहतुकीचे टप्पे : एस्प्लनेड ते भवानीपूर (सध्याचे नेताजी भवन) हा ३·४० किमी.चा व पाच स्थानकांचा टप्पा प्रथम सुरू झाला. त्यानंतर १२ नोव्हेंबर १९८४ रोजी उत्तर टोकाकडील दमदम-बेलगाछिया टप्पा सुरू करण्यात आला. २९ एप्रिल १९८६ रोजी दक्षिणेकडील गाड्या टॉलीगंजपर्यंत जाऊ लागल्या. मधला भाग अपुरा असल्याने दमदम-बेलगाछिया हा तुटक टप्पा प्रवाशांना उपयोगाचा नव्हता व ऑक्टोबर १९९२ मध्ये तो बंद ठेवावा लागला. बेलगाछिया ते श्यामबाजार बोगदा पूर्ण झाल्यावर ऑगस्ट १९९४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. दोन्ही बाजूंनी मार्ग पुढे सरकत जाऊन महात्मा गांधी रोड स्थानकाजवळील शेवटचा दुवा २७ सप्टेंबर १९९५ रोजी जोडला गेला व दमदम ते टॉलीगंज अखंड वाहतूक सुरू झाली.

पुढे टॉलीगंजच्या दक्षिणेस २००९ मध्ये कवी नजरूल व २०१० मध्ये कवी सुभाष स्थानकापर्यंत मार्ग वाढविण्यात आला. हा भाग प्रामुख्याने उन्नत असून त्याचे खांब आदिगंगेच्या, म्हणजे टॉलीच्या नाल्याच्या, पात्रात उभारल्याने पर्यावरणाच्या दृष्टीने त्यावर टीका झाली. उत्तरेस २०१३ मध्ये नोआपाडा व फेब्रुवारी २०२१ मध्ये दक्षिणेश्वरपर्यंत विस्तार झाला. जुलै २०२५ मध्ये खांबांना तडे गेल्यामुळे कवी सुभाष स्थानक बंद करावे लागले.

मार्ग व यंत्रणा : दक्षिणेश्वरच्या काली मंदिरापासून निघालेला हा मार्ग बरानगर, नोआपाडा व दमदम येथून येऊन बेलगाछियाजवळ भूमिगत होतो. श्यामबाजार, शोभाबाजार, गिरीश पार्क या उत्तरेकडील जुन्या वस्तीतून तो एस्प्लनेड या मध्यवर्ती व्यापारी भागात येतो. पुढे मैदानाच्या कडेने रवींद्र सदन, कालीघाट, रवींद्र सरोवर असा जाऊन टॉलीगंज (महानायक उत्तमकुमार) येथे तो पृष्ठभागावर येतो. अनेक स्थानकांना बंगाली साहित्यिक, कलावंत व क्रांतिकारक यांची नावे दिली आहेत. रवींद्र सदन स्थानकाच्या भिंतींवर रवींद्रनाथ टागोरांच्या हस्तलिखितांतील रेखाटने आढळतात.

रूळ रुंदमापी (१·६७६ मी.) असून गाड्यांना ७५० व्होल्ट दाबाचा एकदिश विद्युत् प्रवाह तिसऱ्या रुळातून मिळतो. सुरुवातीचे डबे पेरांबूर येथील कारखान्यात तयार झाले. वातानुकूलित गाड्या २०१० मध्ये आल्या व २०२१ मध्ये जुन्या गाड्या पूर्णपणे निवृत्त झाल्या. देशातील इतर महानगरांतील असे मार्ग बहुधा स्वतंत्र महामंडळांकडे आहेत. हा मार्ग मात्र भारतीय रेल्वेच्या अखत्यारीत असून डिसेंबर २०१० मध्ये कोलकाता मेट्रोला रेल्वेच्या स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला.

महत्त्व : गाळाच्या जमिनीत, दाट वस्तीखाली व चालू वाहतुकीत भुयारी मार्ग बांधणे शक्य आहे, हे या मार्गाने भारतात प्रथम सिद्ध केले. त्याच्या आखणीत सहभागी असलेले अभियंते ई. श्रीधरन यांनी पुढे कोकण रेल्वे व दिल्लीची मेट्रो यांच्या उभारणीचे नेतृत्व केले. निधीची आगाऊ तरतूद, निर्णयाचे अधिकार असलेली स्वायत्त यंत्रणा व कालमर्यादेचे बंधन ही दिल्लीतील कामाची वैशिष्ट्ये होती. कोलकात्यात नेमक्या याच गोष्टींची उणीव भासली होती.

१९२१ च्या आराखड्यातील कल्पना अखेर २०२४ मध्ये साकार झाली. त्या वर्षी हुगळीच्या पात्राखालून हावडा मैदान-एस्प्लनेड मार्ग सुरू झाला व एस्प्लनेड येथे तो उत्तर-दक्षिण मार्गास मिळाला. याच पूर्व-पश्चिम मार्गाच्या खोदकामात ऑगस्ट २०१९ मध्ये बहूबाजार भागात जमीन खचून अनेक घरांना तडे गेले होते व रहिवाशांना स्थलांतर करावे लागले होते. यंत्रे व तंत्रे बदलली, तरी गाळाच्या जमिनीचा स्वभाव आणि तीवर राहणाऱ्या माणसांची सुरक्षितता हे दोन प्रश्न कोलकात्याच्या अभियंत्यांपुढे कायम राहिले आहेत.