पुराच्या मॉडेलमधली 'पातळी' आणि 'खोली': सॉफ्टवेअरमधल्या तयार व्हेरिएबलची नावं कशी शोधायची?

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि इतर यंत्रणांनी सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका केली. २००५ च्या २६ जुलैलाही बदलापूर-कल्याण पट्ट्याने उल्हास नदीचा पूर अनुभवला होता. अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी पुढे कल्याणजवळ उल्हासलाच मिळते.

असा पूर पुन्हा आला तर पाणी कुठवर चढेल, याचा अंदाज आता संगणकावर मॉडेल करून बांधता येतो. मॉडेल चालतं, आकडेही येतात. पण हवा असलेला आकडा सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या नावाने ठेवला आहे, इथे अनेकजण अडकतात.

तयार व्हेरिएबल म्हणजे काय?

वेग, दाब, तापमान, पाण्याची उंची या राशी सॉफ्टवेअर स्वतः मोजतं आणि प्रत्येकीला स्वतःचं ठरलेलं नाव देतं. हेच तयार, म्हणजे 'बिल्ट-इन' व्हेरिएबल. आलेख काढायचा किंवा नवं सूत्र लिहायचं, तर तेच नाव जसंच्या तसं वापरावं लागतं. नाव अस्तित्वातच नसेल तर सॉफ्टवेअर चूक दाखवतं. खरा धोका असतो तो अस्तित्वात असलेलं, पण भलतंच नाव निवडण्यात. तेव्हा चुकीचा संदेश येत नाही, चुकीचं उत्तर येतं.

पातळी आणि खोली यांत गल्लत कशी होते?

बदलापूरला उल्हास नदीची धोका पातळी १७.५० मीटर मानली जाते. ही पाण्याची खोली नव्हे, ती ठरावीक संदर्भापासून मोजलेली उंची आहे.

नद्यांच्या मॉडेलसाठी 'हेक-रास' हे अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाचं मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. त्याच्या तक्त्यात पाण्याच्या पृष्ठभागाची उंची 'डब्ल्यू. एस. एलेव्ह' या नावाने येते, नदीच्या तळाची उंची 'मिन सीएच ईएल' या नावाने आणि सर्वाधिक खोली आणखी वेगळ्या नावाने. समजा पृष्ठभाग १७.५ मीटरवर आणि तळ ११ मीटरवर आहे. मग खोली झाली ६.५ मीटर. घाईत पहिलाच आकडा 'खोली' म्हणून अहवालात गेला, तर पूर जवळपास तिप्पट खोल दिसेल.

शिवाय 'हायड्रॉलिक डेप्थ' नावाची तिसरी खोलीही असते. ती पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले वरची रुंदी, म्हणजेच सरासरी खोली.

हेक-रासमध्ये नावं कुठे सापडतात?

निकालांच्या तक्त्याच्या खिडकीत 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'डिफाइन टेबल' निवडलं की उपलब्ध व्हेरिएबलची यादी उघडते. तिथून हवा तो रकाना तक्त्यात घेता येतो. प्रत्येक नावाचा अर्थ वापरपुस्तिकेच्या परिशिष्टात दिलेला आहे.

इतर सॉफ्टवेअरमध्ये काय पद्धत आहे?

कॉमसॉल: उष्णता, ताण, विद्युतक्षेत्र अशा अनेक विषयांसाठी हे वापरतात. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टाकीचं तापमान काढायचं असेल, तर इथे कॅपिटल 'टी' म्हणजे तापमान आणि स्मॉल 'टी' म्हणजे वेळ. नावाआधी विषयाची खूण लागते. ताणासाठी 'सॉलिड डॉट मायझेस' लिहायचं, पण त्याच विषयाचा दुसरा भाग मॉडेलमध्ये जोडला की त्याची खूण 'सॉलिड टू' होते. पूर्ण यादी 'इक्वेशन व्ह्यू'मध्ये दिसते: नाव, सूत्र, एकक आणि वर्णन. हा भाग सुरुवातीला लपलेला असतो, तो 'शो मोअर ऑप्शन्स'मधून चालू करावा लागतो. सूत्राच्या चौकटीत कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबूनही नावं शोधता येतात.

ओपनफोम: हे मोफत आणि मुक्तस्रोत आहे. इथे 'शून्य' आकड्याच्या नावाचा एक फोल्डर असतो. त्यात कॅपिटल 'यू' म्हणजे वेग आणि स्मॉल 'पी' म्हणजे दाब, अशी प्रत्येक राशीची वेगळी फाइल असते. फाइलमध्ये एककांची ओळ असते आणि ती वाचणं अत्यावश्यक आहे. पाण्यासारख्या, घनता न बदलणाऱ्या प्रवाहाच्या अनेक गणितांत इथला 'पी' हा खरा दाब नसून दाब भागिले घनता असतो. एक मीटर पाण्याचा दाब सुमारे ९,८१० पास्कल, पण इथे दिसतो फक्त ९.८१.

ओपनफोमच्या वापरकर्त्यांत एक गमतीशीर युक्ती प्रसिद्ध आहे. पर्यायाच्या जागी मुद्दाम 'बनाना' असा निरर्थक शब्द लिहायचा. सॉफ्टवेअर थांबतं आणि तिथे चालणाऱ्या सगळ्या पर्यायांची यादीच समोर ठेवतं. मात्र ही युक्ती पद्धती आणि सीमेवरच्या अटींच्या नावांसाठी आहे. राशींची नावं फाइलमध्येच पाहावी लागतात.

आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प ओपनफोमसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'च्या भाषांमध्ये मराठीही आहे.

नाव सापडल्यावर काय तपासायचं?

१. वर्णन: ही राशी सरासरी आहे, सर्वाधिक आहे की एका बिंदूवरची?

२. एकक: मीटर की फूट, सेल्सिअस की केल्विन? नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान १९९९ मध्ये एककांच्या अशाच गोंधळामुळे मंगळाजवळ नष्ट झालं.

३. संदर्भ: उंची कुठून मोजली आहे?

४. हातचं गणित: पृष्ठभागाच्या उंचीतून तळाची उंची वजा केल्यावर खोलीच्या रकान्यातलाच आकडा यायला हवा. नाही आला, तर निवडलेलं नाव पुन्हा तपासायचं.

हे चौथं काम कागदावर मिनिटभरात होतं. नदीकाठच्या लोकांना घर कधी सोडायचं हे ज्या आकड्यावरून सांगितलं जाणार आहे, तो पुढे पाठवण्याआधी ते मिनिट द्यायलाच हवं.